सॅन अँटोनियो स्पर्स : मोठ्यांनी जागा करून दिली म्हणून टिकलेला संघ

गोदाकाठ (नांदेड)

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, विषय निघाला की आपल्याकडे जॉर्डन, कोबी, लेब्रॉन आणि करी यांच्यापलीकडे गप्पा फारशा जात नाहीत. सॅन अँटोनियो स्पर्सबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

१९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच अजिंक्यपदं. १९९८ ते २०१९ सलग २२ वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत. आणि हे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारख्या झगमगाटाच्या शहरात नाही, तर टेक्सासच्या दक्षिणेला, लष्करी तळांच्या आणि मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्तीच्या शहरात. तिथलं पिण्याचं पाणी बरंचसं एडवर्ड्स नावाच्या जमिनीखालच्या खडकातल्या साठ्यातून येतं आणि त्या साठ्याची पातळी किती खाली गेली यावर लोकांचं रोज लक्ष असतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं असं की या संघात वेळ आली तेव्हा मोठा खेळाडू बाजूला सरकला आणि पुढच्याला जागा करून दिली. हे जोवर चाललं तोवर स्पर्स वर राहिले. क्रमाने सांगतो.

१९६७ साली एबीए नावाची लीग निघाली, एनबीएला स्पर्धा म्हणून. तिच्यात डॅलस चॅपरल्स नावाचा संघ होता, पण सामन्यांना माणसंच येईनात. १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या अँजेलो ड्रॉसॉस, रेड मॅकॉम्ब्स आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी मिळून तो संघ भाड्याने आणला. हो, भाड्याने. तीन वर्षांचा करार, जमलं नाही तर संघ डॅलसला परत. पण शहराने हेमिसफेअर अरीना अशी भरून काढली की परत पाठवायचा विषयच संपला. पुढे प्रेक्षक मावेनात म्हणून १९७७ मध्ये त्या अरीनाचं छप्पर वर उचलून नव्या खुर्च्या बसवल्या.

१९७६ मध्ये एबीए बुडाली. तिच्यातले चारच संघ एनबीएत घेतले गेले : डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि स्पर्स. प्रत्येकाने ३२ लाख डॉलर भरायचे, वर पहिली काही वर्षं टीव्हीच्या पैशात वाटा नाही. तशाही स्थितीत संघ तगला, कारण त्यांच्याकडे जॉर्ज गर्विन होता. बारीक अंगाचा, शांत चेहऱ्याचा, म्हणून त्याला 'आइसमन' म्हणत. त्याचा फिंगर रोल बघायलाच हवा. धावत येऊन हात लांबवायचा आणि चेंडू तळहातावरून बोटांच्या टोकांपर्यंत घरंगळू द्यायचा, की तो अलगद रिंगमध्ये. १९७८ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने दुपारी ७३ गुण काढून सामन्यामागे सर्वाधिक गुणांच्या सरासरीवर हक्क सांगितला. त्याच रात्री गर्विनने ६३ काढले आणि २७.२२ विरुद्ध २७.१५ अशा फरकाने मान स्वतःकडे ठेवला. चार वेळा तो लीगमध्ये गुणांत पहिला आला, पण अजिंक्यपद कधी मिळालं नाही. १९७९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी होती, आणखी एक विजय मिळाला असता तर फायनल. ते पुढचे तिन्ही सामने हरले.

इथे थांबतो. स्पर्सचे पुढचे दोन मोठे खेळाडू रॉबिन्सन आणि डंकन, त्यांच्यावर सवडीने लिहायचंय. तोवर ज्यांनी हा संघ पाहिलाय त्यांनी लिहा.

लातूरकर_अव्या

दादा, लई दिवसांनी कुणीतरी स्पर्सचं नाव काढलं बगा. २०१३ च्या फायनलला मी बारावीत होतो. मॅच सकाळी साडेसहाला, आन् केमिस्ट्रीचा क्लास बी तवाच. सहाव्या मॅचला क्लास बुडवला. ते शेवटचे २८ सेकंद अजून डोळ्यासमोर हायेत. तुम्ही तिथवर या, मग मी लिहितो.

पीटीसर_परभणी

चांगला विषय घेतलात. मी शाळेत खेळ शिकवतो आणि संध्याकाळी बास्केटबॉलची मुलं घेतो. सिमेंटचं मैदान आहे, रिंगला जाळीऐवजी नायलॉनची दोरी विणून लावली आहे, चेंडूवरचे दाणे घासून गुळगुळीत झालेत. पण मुलं येतात.

माझ्यापुढे सध्या एक पेच आहे, तो तुमच्या विषयाशी जुळतो म्हणून मांडतो. संघातला सगळ्यात चांगला मुलगा बारावीला आहे. तीन वर्षं सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, तोच खेळतोय, विभागीय स्पर्धेपर्यंत संघ त्यानेच नेला. यंदा नववीतला एक मुलगा त्याच्याहून उंच झालाय आणि हातही मऊ आहेत. दोघांना एकत्र खेळवलं की दोघं एकाच जागी येऊन उभे राहतात आणि मोठा लहानाला पास देत नाही. मोठा मनाने वाईट नाही. पण ती जागा त्याची आहे असं त्याला वाटतं. रॉबिन्सन आणि डंकन यांचं नेमकं कसं जमलं, ते जरा विस्ताराने लिहा.

गोदाकाठ (नांदेड)

सर, तुमचा प्रश्न वाचून पुढचा भाग आजच लिहायला घेतला.

डेव्हिड रॉबिन्सन नौदलाच्या अकादमीत शिकत होता. तिथे गेला तेव्हा उंची साडेसहा फुटांच्या आसपास होती, मग वाढत वाढत सात फूट एक इंच झाली. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) स्पर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पण नौदलाची नोकरी बाकी होती. दोन वर्षं तो जॉर्जियातल्या पाणबुड्यांच्या तळावर काम करत होता आणि स्पर्स त्याची वाट पाहत होते. १९८८-८९ च्या हंगामात संघाचे २१ विजय आणि ६१ पराभव. पुढच्या वर्षी रॉबिन्सन आला आणि ५६ विजय. एका माणसाने ३५ सामन्यांचा फरक पाडला.

पुढची सात वर्षं संघ म्हणजे रॉबिन्सन. १९९३-९४ मध्ये सरासरी २९.८ गुण. त्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात एकट्याने ७१. १९९५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये ह्यूस्टनच्या ओलाजुवॉनने त्याला सगळ्यांदेखत पुरतं हरवलं. लोक म्हणू लागले, माणूस सज्जन आहे पण याच्याकडून अजिंक्यपद काही होणार नाही.

१९९६-९७ मध्ये त्याची पाठ गेली, परत आला तर पाय मोडला. हंगामात सहाच सामने खेळला. संघाचे फक्त २० विजय. डिसेंबरमध्ये सरव्यवस्थापक ग्रेग पोपोविचने कोच बॉब हिलला काढून स्वतः कोचची जागा घेतली. शहरात त्याच्यावर भयंकर राग होता. हवाई दलाच्या अकादमीत शिकलेला हा माणूस याआधी मुख्य कोच होता तो एका लहान कॉलेजच्या संघाचा, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते.

मग १९९७ चा ड्राफ्ट. पहिली निवड कुणाची हे तळाच्या संघांमध्ये लॉटरीने ठरतं. लॉटरीत सगळ्यात जास्त संधी बोस्टनला होती, क्रमांक निघाला स्पर्सचा. त्यांनी घेतला टिम डंकन. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉय बेटावरचा मुलगा. मुळात पोहणारा. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा पोहण्याचा मोठा तलाव उद्ध्वस्त केला, म्हणून बास्केटबॉलकडे वळला. आईला शब्द दिला होता म्हणून कॉलेजची चारही वर्षं पूर्ण करून पदवी घेऊनच आला. आई तो चौदा वर्षांचा व्हायच्या आदल्या दिवशी गेली होती.

सर, आता तुमचं उत्तर. दोघंही सेंटरच्या उंचीचे, दोघंही रिंगजवळ खेळणारे. रॉबिन्सन तेव्हा ३२ वर्षांचा, शहराचा लाडका. त्याने काय केलं ते आकड्यांत दिसतं. डंकनच्या पहिल्या वर्षी रॉबिन्सनची सरासरी २१.६ होती, दुसऱ्या वर्षी १५.८. हल्ल्यात मधली जागा त्याने डंकनला सोडली आणि स्वतः बाहेर सरकून उभा राहू लागला. बचावात मात्र रिंगसमोर तोच. दुसऱ्याच वर्षी, १९९९ मध्ये, संघाचं पहिलं अजिंक्यपद. फायनलचा मानकरी डंकन.

म्हणजे मोठ्याला नुसतं 'जागा सोड' म्हणून भागत नाही. त्याच्यासाठी बचावाचं तेवढंच वजनदार काम ठेवलं होतं आणि ते त्याच्याशिवाय कुणाला जमणारं नव्हतं.

जांभळी_जर्सी (छत्रपती संभाजीनगर)

मी लॉस एंजेलिस लेकर्सचा चाहता. लेख आवडला पण मला हे सगळं पटत नाही. पहिल्या क्रमांकाचे दोन दोन सेंटर लॉटरीतून मिळाले, याला नशीब म्हणतात. १९९७ मध्ये हरून लॉटरीत संधी वाढावी म्हणून रॉबिन्सन मुद्दाम बसवून ठेवला असंही बरेच लोक म्हणतात. शिवाय २००१, २००२, २००४, २००८, चार वेळा आम्ही त्यांना प्लेऑफमध्ये बाहेर काढलंय. २००४ मध्ये डंकनने अशक्य वाटणारा शॉट घातला, ०.४ सेकंद उरले होते आणि तेवढ्यात आमच्या डेरेक फिशरने सामना जिंकून दिला. स्पर्सना सलग दोन वर्षं अजिंक्यपद कधी राखता आलं नाही, हेही लिहा.

गोदाकाठ (नांदेड)

सलग दोन कधी नाही, हे खरंच आहे. लॉटरीत नशीब होतं, हेही मान्य. रॉबिन्सनला मुद्दाम बसवल्याचं म्हणाल तर त्याचा पाय मोडला होता. मोडलेल्या पायाने कोण खेळवतं?

पण नशिबाने दोन माणसं दिली, बाकीची शोधावी लागली. मानू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर घेतला, एकूण ५८ जागा होत्या त्यात. अर्जेंटिनाच्या बाहिया ब्लांकाचा हा मुलगा कोण हे अमेरिकेत फार कुणाला माहीत नव्हतं. पाच वर्षांनी त्याच्या अर्जेंटिनाने अमेरिकेला ऑलिंपिकमध्ये हरवून सुवर्ण घेतलं. टोनी पार्कर २००१ मध्ये २८ वा, फ्रान्समध्ये वाढलेला, वय १९. पोपोविचने त्याला लगेच पहिल्या पाचात घातलं आणि पुढची काही वर्षं सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडत राहिला. तेव्हाच्या बहुतेक संघांचा परदेशी खेळाडूंवर विश्वास नव्हता. स्पर्स तिकडे माणसं पाठवून सामने बघत होते.

आणि पोपोविच फक्त नवख्यांवर ओरडत नव्हता, सगळ्यांत आधी डंकनवर ओरडायचा. तो खाली मान घालून ऐकायचा. संघातला सगळ्यात मोठा माणूस बोलणी खातोय म्हटल्यावर बाराव्या खेळाडूने रुसायचं कसं?

मुक्ता (अंबाजोगाई)

मी विद्यापीठाकडून खेळलेय, म्हणून एक नाव जोडते. बेकी हॅमन. ती सॅन अँटोनियोच्याच महिला संघात गार्ड होती. २०१३ मध्ये गुडघा गेला, सामने बंद. त्या रिकाम्या दिवसांत ती स्पर्सच्या सरावाला आणि बैठकांना जाऊन बसायची. ऑगस्ट २०१४ मध्ये पोपोविचने तिला पूर्णवेळ सहायक कोच केलं. एनबीएत पूर्णवेळ पगारी सहायक कोच झालेली ती पहिली स्त्री. ३० डिसेंबर २०२० ला लेकर्सविरुद्ध पोपोविचला पंचांनी बाहेर काढलं, तेव्हा त्याने जाता जाता हॅमनकडे बोट दाखवून संघ तिच्या हाती दिला. एनबीएच्या सामन्यात स्त्रीने मुख्य कोचचं काम पाहण्याची ती पहिलीच वेळ. पुढे लास व्हेगासच्या महिला संघाला तिने २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन अजिंक्यपदं मिळवून दिली.

आमच्या वेळी मुलींना मैदान मिळायचं ते मुलांचा सराव संपल्यावर, अंधार पडता पडता. रिंग दिसायची नाही, आवाजावरून कळायचं बॉल गेला की नाही. म्हणून हॅमनला त्या खुर्चीवर पाहिलं तेव्हा मला फार भरून आलं. सर, तुमच्याकडे मुली येतात का?

पीटीसर_परभणी

येतात ताई. सहा मुली आहेत. सरावाची वेळ मुला-मुलींची एकच ठेवली आहे, अर्धं अर्धं मैदान.

गोदाकाठ, 'तेवढंच वजनदार काम' हा मुद्दा पोचला. मोठ्या मुलाला बचावात मध्ये उभं करतो आणि ओरडून सगळ्यांना जागा सांगायचं काम देतो. पण त्याचे वडील मला विचारतील की त्याचे सामन्यातले गुण कमी का झाले. खेळाच्या वाढीव गुणांसाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, ते त्यांना माहीत आहे. पण मुलगा संघात 'पहिला' दिसावा हीही इच्छा असते. कधी तरी सुरुवातीच्या पाचातून बाहेर बसवायची वेळ आली तर?

गोदाकाठ (नांदेड)

सर, मग त्यांना जिनोबिलीचं सांगा. ऑलिंपिक सुवर्णाचा मानकरी, फायनल फिरवू शकणारा माणूस. पोपोविच त्याला सुरुवातीला बाकावर बसवायचा. कारण साधं होतं : समोरच्या संघाचे पहिले पाच दमले की त्यांचे राखीव येतात, तेव्हा जिनोबिलीला मैदानात उतरवायचं. शेवटची पाच मिनिटं मात्र हमखास तोच खेळायचा. २००८ मध्ये त्याला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्याने पुढेही बरीच वर्षं हे काम केलं आणि २०२२ मध्ये बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, गेला. सामना सुरू कोण करतो आणि संपवतो कोण, यातला फरक वडिलांना नक्की कळेल.

हिंगोलीचा_संत्या

१९९९ म्हटलं की स्पर्सच्या शॉन एलियटचं नाव यायलाच पाहिजे. मी स्वतः डायलिसिस विभागात टेक्निशियन आहे, म्हणून मला त्याचं फार अप्रूप. ३१ मे १९९९, पोर्टलंडविरुद्ध दुसरा सामना. स्पर्स तिसऱ्या क्वार्टरमध्ये १८ गुणांनी मागे होते. शेवटी दोन गुणांनी मागे, जेमतेम बारा सेकंद बाकी. बॉल एलियटकडे आला तो उजव्या बाजूच्या रेषेला अगदी खेटून. पास पकडताना तो रेषेबाहेर पडता पडता राहिला. मग वळला आणि चवड्यांवर उभा राहूनच शॉट मारला, कारण टाच टेकली असती तर ती रेषेवर पडली असती. समोर रशीद वॉलेसचा लांब हात. लांबून मारलेल्या शॉटचे तीन गुण, ८६-८५.

त्याची मूत्रपिंडं तेव्हा निकामी होत चालली होती आणि हे त्याला माहीत होतं. अजिंक्यपद झाल्यावर त्याने ते जाहीर केलं. ऑगस्टमध्ये मोठा भाऊ नोएल याने स्वतःचं मूत्रपिंड दिलं आणि पुढच्या मार्चमध्ये एलियट पुन्हा एनबीएच्या सामन्यात उतरला. माझ्या पेशंटना मी हे सांगतो. विशेषतः ज्यांचे भाऊ बाहेर बाकावर बसलेले असतात त्यांना.

लातूरकर_अव्या

संत्या भौ, अंगावर काटा आला.

आता २०१३ लिहितो, गोदाकाठ दादा थांबलेत म्हणून. मायामीविरुद्ध सहावी मॅच, स्पर्स ३-२ नं पुढं. शेवटचे २८ सेकंद, पाच गुणांची आघाडी. मैदानाभोवती पिवळ्या दोऱ्या घेऊन माणसं उभी राहिलती, बक्षीस समारंभासाठी. मग मायामीच्या लेब्रॉनचा तीनचा शॉट. आपल्या कवाय लेनर्डनं फाउलवर मिळालेल्या दोनपैकी एक फ्री थ्रो हुकवला. लेब्रॉननं परत मारला, हुकला, आन् त्यांचा बॉश रिबाउंड (हुकलेला बॉल) घेऊन गेला. डंकन तवा बाकावर होता! बॉशनं बॉल फेकला, रे ॲलन मागं मागं सरकत कोपऱ्यात गेला, खाली न बघता पाय तीनच्या रेषेच्या बाहेर ठेवले आन् टाकला. ५.२ सेकंद बाकी. बरोबरी. मग जादा वेळेत हरले.

सातव्या मॅचला शेवटच्या मिनिटात दोनच गुणांचा फरक होता. डंकनचा रिंगपासून हाताच्या अंतरावरचा शॉट हुकला. नेहमी घालायचा तो शॉट. परत जाताना त्यानं दोन्ही हात जमिनीवर आपटले. त्याला तसं करताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. क्लास बुडवल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली, पण खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही ते डंकनमुळं.

गोदाकाठ (नांदेड)

अव्या, छान लिहिलंस. त्याच्या मागचं आणि पुढचं मी जोडतो.

२०११ मध्ये स्पर्स लीगच्या पश्चिम विभागात पहिले होते आणि आठव्या क्रमांकाच्या मेम्फिसकडून पहिल्याच फेरीत हरले. सगळ्यांनी लिहून टाकलं : म्हातारे झाले, संपले. जुना खेळ असा होता की चेंडू आत डंकनकडे द्यायचा, तो पाठ करून उभा राहणार, बाकीचे वाट बघणार. बोर्डाला लागून रिंगमध्ये जाणारा त्याचा बँक शॉट हे संघाचं हुकमी हत्यार. पोपोविचने स्वतःच घडवलेला हा खेळ मोडला. चेंडू कुणाच्याच हातात थांबायचा नाही. पकडल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचं : मारायचा, द्यायचा की घुसायचं. आणि चांगला शॉट मिळत असला तरी शेजारच्याला त्याहून चांगला मिळत असेल तर तो त्याला द्यायचा. याचा अर्थ डंकनच्या हातात चेंडू कमी येणार. २०१२ मध्ये त्याने पगारही वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरवरून निम्म्यावर आणला. संघांच्या पगारावर लीगची मर्यादा असते, त्यामुळे त्या उरलेल्या पैशात बाकीचे खेळाडू टिकवता आले. रॉबिन्सनने त्याच्यासाठी जे केलं तेच त्याने पार्कर आणि लेनर्डसाठी केलं.

सहाव्या सामन्याच्या रात्रीची एक गोष्ट. जिंकल्यावर जेवायला जायचं म्हणून मायामीत हॉटेल ठरवलेलं होतं. हरल्यावर पोपोविचने बेत रद्द केला नाही. सगळ्यांना तिथे नेलं आणि स्वतः टेबलाटेबलावर फिरत राहिला. पुढच्या हंगामाचा सराव सुरू झाला तेव्हा मात्र त्याच सामन्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना बसवून दाखवलं.

२०१४ मध्ये पुन्हा तीच फायनल, पुन्हा मायामी. स्पर्सनी चार सामने जिंकले ते १५, १९, २१ आणि १७ गुणांच्या फरकाने. संघात अमेरिकेचे, फ्रान्सचे, अर्जेंटिनाचे, ब्राझीलचे, इटलीचे, कॅनडाचे आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू. फायनलचा मानकरी २२ वर्षांचा लेनर्ड.

जांभळी_जर्सी (छत्रपती संभाजीनगर)

२०१४ चा खेळ मी पण पाहिलाय. तसा खेळ लेकर्ससकट कुणाचाही पाहिला नाही, हे मोकळेपणाने सांगतो. पण मग लेनर्डचं काय झालं? तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याला जागा करून दिली, आणि तोच सोडून गेला.

गोदाकाठ (नांदेड)

हो, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. २०१६ मध्ये डंकन निवृत्त झाला. २०१७-१८ मध्ये लेनर्डच्या मांडीचं दुखणं निघालं, उपचारांवरून त्याचे आणि संघाच्या डॉक्टरांचे मतभेद झाले, हंगामात नऊच सामने खेळला. जुलै २०१८ मध्ये त्याला टोरँटोला दिलं आणि त्याने पुढच्याच वर्षी टोरँटोला अजिंक्यपद मिळवून दिलं. २०१८ च्याच उन्हाळ्यात पार्कर शार्लटला गेला, जिनोबिली निवृत्त झाला. मला वाटतं, मधे कुणी उरलंच नाही. रॉबिन्सनने सहा वर्षं डंकनच्या शेजारी उभं राहून त्याला घडवलं. लेनर्डच्या शेजारी ऐन वेळी डंकन नव्हता. २०१९ नंतर प्लेऑफची साखळी तुटली.

मग २०२३ ची लॉटरी, तिसऱ्यांदा पहिला क्रमांक आणि व्हिक्टर वेम्बन्यामा. सात फूट चार इंच, फ्रान्सचा, पार्कर ज्या क्लबचा तेव्हा अध्यक्ष होता त्या क्लबकडूनही आधी खेळलेला. पहिल्या वर्षी संघाचे २२ विजय आणि ६० पराभव, तरी नवोदितांमध्ये तो एकमताने पहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि हंगाम थांबला. पोपोविचला त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पक्षाघाताचा झटका आला होता. मे २०२५ मध्ये त्याने कोचपद सोडलं, १,४२२ विजयांवर, एनबीएत कुणाही कोचपेक्षा जास्त. जागा घेतली त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या मिच जॉन्सनने.

पीटीसर_परभणी

वाचतोय आणि वहीत टिपतोय.

काल 'ड्रिबल बंद' खेळवलं. चेंडू जमिनीवर आपटायचा नाही, पाच हात फिरल्याशिवाय शॉट नाही. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. चेंडू पकडला की मुलं तो छातीशी धरून इकडेतिकडे बघत. मोठा मुलगा सवयीने रिंगखाली जाऊन हात वर करून उभा. त्याला म्हटलं, तू फ्री थ्रोच्या रेषेवर ये, चेंडू तुझ्याकडून आत गेला पाहिजे. दोन-तीनदा त्याने जोरात फेकला, लहानाच्या हातातून निसटला. मग एकदा त्याने उडवून, वरून दिला, लहानाने उडी मारून घेतला आणि तसाच घातला. लहान मुलगा धावत येऊन मोठ्याच्या हातावर टाळी देऊन गेला. मोठा काही बोलला नाही, पण पुढचा पासही तसाच वरून दिला.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर मिळतोय. मुलांना एकच सामना दाखवता येईल. कोणता दाखवू?

लातूरकर_अव्या

सर, २०१३ ची सहावी दाखवू नका. लेकरं रडतील.

गोदाकाठ (नांदेड)

२०१४ च्या फायनलचा तिसरा सामना. पूर्ण बघायला वेळ नसेल तर पहिला अर्धा भाग. मध्यंतरापर्यंत स्पर्सचे ७१ गुण आणि मारलेल्या शॉटपैकी जवळजवळ ७६ टक्के आत, फायनलमधला विक्रम आहे तो. मुलांना चेंडूकडे बघू देत, तुम्ही मोठ्या मुलाला शेजारी बसवून डंकनकडे बघायला सांगा. ३८ वर्षांचा आहे तो त्यात. पास देऊन झाल्यावर तो जागेवर उभा राहत नाही. दुसऱ्याच्या बचावपटूला आडवा जातो, वाट मोकळी करतो आणि पुन्हा रिंगकडे वळतो. स्पर्सचा बोरिस डियाव काय करतो तेही दाखवा. पोट सुटलेला वाटेल, पण पास त्याचेच बघा.

मुक्ता (अंबाजोगाई)

सर, रविवारी मुलींनाही पुढच्या रांगेत बसवा. किती वाजता आहे? परभणीला माझी मावशी असते, मी येऊ शकते.

पीटीसर_परभणी

साडेनऊला, ताई. या नक्की. बॉल पंपाची सुई तुटली आहे, तिकडे मिळाली तर दोन घेऊन या.